नितळ पाणी, ताजा मासा आणि तळाचे विष

पाणी घाण झाले की समुद्र बाधतो. पाणी नितळ आणि मासा ताजा असेल तर घाबरण्याचे कारण नाही. हा समज किनाऱ्यावर राहणाऱ्यांत जितका पक्का आहे तितकाच सुट्टीत किनाऱ्यावर जाणाऱ्यांतही आहे. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आधी मांडायला हवे. सांडपाण्याबरोबर नत्र आणि स्फुरद समुद्रात जाते, त्यावर तरंगती शैवले माजतात, पाण्याचा रंग पालटतो, प्राणवायू संपून मासे मरतात. शिळ्या बांगड्यात हिस्टामिन साचते आणि तो खाल्ला की अंगावर गांधी उठतात. कल्ले लाल आहेत का, डोळे चमकतात का, हे पाहून मासा घेणारी बाई शहाणपणानेच वागत असते. माझा आक्षेप या शहाणपणाला नाही. समुद्रातल्या प्रत्येक विषाला हीच कसोटी पुरेशी आहे असे मानण्याला आहे.

इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर जुलै 2005 मध्ये सुमारे दोनशे माणसांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. ताप, खोकला, वाहते नाक, चुरचुरणारे डोळे, धाप अशी लक्षणे होती. वीसेक जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांतले बरेच जण पाण्यात उतरलेसुद्धा नव्हते, नुसते किनाऱ्यावर बसले होते. सांडपाण्यातले जिवाणू इथे कारण नव्हते. कारण होते ऑस्ट्रिओप्सिस ओव्हाटा नावाचे एकपेशीय शैवल. ते पॅलिटॉक्सिनच्या कुळातली विषे तयार करते, आणि लाटा फुटताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर त्याचा त्रास वाऱ्यावरून माणसांच्या श्वासात गेला.

हे शैवल राहते कुठे, यावर सगळा वाद उभा आहे. आपण समुद्र पाहतो तो वरून. ऑस्ट्रिओप्सिस मात्र तळाला चिकटून असते: खडकावर, शिंपल्यांच्या पाठीवर आणि विशेषतः मोठ्या शैवलांच्या फांद्यांवर. एक पेशी लांबीला मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, टोकाकडे निमुळती. अशा असंख्य पेशी बुळबुळीत तंतूंच्या जाळ्यात एकत्र येतात आणि शैवलावर तपकिरी साय धरते. एरवी वरचे पाणी इतके स्वच्छ असू शकते की तळाचा खडा न् खडा दिसावा. नमुना घेण्याची पद्धतही यावरूनच ठरली आहे. शैवलाचा एक झुबका हलक्या हाताने तोडायचा, समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या बरणीत घालून जोराने हलवायचा. चिकटलेल्या पेशी सुटतात, पाणी तपकिरी होते, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करून शैवलाच्या दर ग्रॅममागे किती पेशी हे काढतात. ज्याने फक्त वरचे पाणी बाटलीत भरले, त्याच्या हाती यातले फारसे काही लागत नाही. साय सुटून तिचे पुंजके वर तरंगू लागले की मग ते सगळ्यांना दिसतात, पण तोवर उशीर झालेला असतो.

किनाऱ्यावरच्या जीवांना माणसाच्या आधी झळ लागते. साय दाट झाली की सी-अर्चिनचे काटे गळतात, शिंपले खडकावरची पकड सोडतात, कित्येक प्राणी तिथेच मरून पडतात. पाण्याची नेहमीची चाचणी यातले काही सांगत नाही. युरोपात 2006 च्या निर्देशानुसार स्नानाच्या पाण्याचा दर्जा ठरतो तो मुख्यतः विष्ठेतून येणाऱ्या दोन प्रकारच्या जिवाणूंवरून. ते मोजलेच पाहिजेत. पण त्या मोजणीत उत्तम ठरलेला किनारा ऑस्ट्रिओप्सिसच्या बाबतीतही निर्धोक आहे असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. इटलीने पुढे या शैवलासाठी लिटरमागे 10,000 पेशींची वेगळी मर्यादा घालून दिली, ती याच कारणाने.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, हेही शैवलच, तेव्हा तेही सांडपाण्यावरच पोसले असणार. पुरावा तसे ठामपणे सांगत नाही. काही ठिकाणी पोषकद्रव्यांशी संबंध दिसतो, काही ठिकाणी दिसत नाही. जास्त सातत्याने आढळतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत: उबदार उथळ पाणी, शैवलांनी भरलेला खडकाळ तळ, आणि लाट अडवणारे बांध, ज्यांच्या आडोशाला पाणी साचून राहते. म्हणजे प्रदूषण रोखणाऱ्यानेच पर्यटकांसाठी दगडी बांध घालून शांत, उबदार डबके तयार केले, तर त्याने या शैवलाला घर बांधून दिले असेही होऊ शकते. हेही उत्तर पूर्ण नाही, हे मी मान्य करतो. 2021 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या बास्क किनाऱ्यावर शेकडो लोकांना त्रास झाला आणि काही पुळणी बंद कराव्या लागल्या. त्यांतला सेंट-जाँ-द-ल्यूझचा उपसागर बांधांनी अडवलेला आहे, पण बिआरित्झ तर मोठ्या लाटांसाठीच प्रसिद्ध आहे. तरीही दोन्ही ठिकाणी सगळा दोष घाणीवर टाकून मोकळे होता येत नाही.

आता ताज्या माशाकडे येऊ. जुलै 1774 मध्ये कॅप्टन कुकचे जहाज आजच्या व्हानुआटूतील मालेकुला बेटापाशी होते. तिथे गळाला लागलेले मोठे तांबडे मासे अधिकाऱ्यांनी खाल्ले आणि ते आजारी पडले. मासे तिथेच पकडलेले, शिळे असण्याचा प्रश्नच नव्हता. हा आजार म्हणजे आपण आज ज्याला सिग्वाटेरा म्हणतो तो, असे मानले जाते. तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, सांधे दुखतात, आणि थंड पाण्याचा ग्लास हातात घेतला तर चटका बसल्यासारखे होते. मज्जातंतूंमधली सोडियमची दारे हे विष उघडी धरून ठेवते. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. त्याला ना वास ना चव. माशी बसली नाही तर मासा विषारी, चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, अशा बेटाबेटांवर चालत आलेल्या परीक्षांचाही उपयोग नाही.

1958 मध्ये जॉन रँडल यांनी तर्क मांडला की विषाचे मूळ माशात नसून तळावरच्या एखाद्या शैवलात असावे, आणि प्रवाळाचा पृष्ठभाग नव्याने उघडा पडला की ते तिथे आधी रुजत असावे. 1977 मध्ये यासुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच पॉलिनेशियातल्या गँबिए बेटांवर तो जीव शोधून काढला; त्याचे नावच पुढे गँबिएडिस्कस पडले. शैवल चरणारे छोटे मासे, त्यांना खाणारे मोठे शिकारी मासे, या पायऱ्यांनी विष वर चढते. त्या भागात अणुचाचण्यांसाठी धावपट्ट्या आणि धक्के बांधताना प्रवाळ फोडले गेले, आणि त्या कामांचा सिग्वाटेराच्या उद्रेकांशी संबंध जोडला गेला आहे. हे पाणी जगातल्या नितळ पाण्यांपैकी आहे.

प्रश्न दूरच्या बेटांपुरता नाही. 2016 मध्ये मंगळुरूत तांबड्या स्नॅपरची डोकी खाऊन अनेक लोक आजारी पडले. डोक्याचे कालवण आपल्याकडे आवडीने केले जाते, आणि डोके, काळीज, आतडी यांतच हे विष जास्त साठते. म्हणून सगळ्या मासळीला घाबरावे असे मी म्हणत नाही. ही साखळी मुख्यतः प्रवाळावरच्या मोठ्या शिकारी माशांची आहे. रोजच्या बांगड्या-पापलेटाला त्यात ओढण्याचे कारण नाही.

पण "मासा बाधला" म्हणून आलेल्या रुग्णाला गांधीचे औषध देऊन घरी पाठवणे पुरेसे नाही. मालवणपासून कारवारपर्यंतच्या आरोग्य केंद्रांत त्याला विचारले पाहिजे: मासा कोणता, केवढा, कुठला भाग खाल्ला, थंड पाणी हाताला कसे लागते, बरोबर जेवलेल्यांचे काय. खडकाळ किनाऱ्यावरून खोकत आलेल्याला विचारावे की वारा समुद्राकडून होता का. किनाऱ्यावर पाण्याची तपासणी करणाऱ्यांनी बाटलीबरोबर शैवलाचा झुबकाही न्यावा. आणि घरात उरलेला माशाचा तुकडा फेकून देऊ नये, बर्फात गोठवून ठेवावा. गोठवल्याने हे विष जात नाही, त्यामुळे प्रयोगशाळेला ते त्यात सापडू शकते.