कुकू घड्याळ कुणाचं?

परवा नातवाने दिवाणखान्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, हे स्वित्झर्लंडचं ना?" होय म्हणता म्हणता मी थांबले. एकतीस वर्षं इतिहास शिकवला, पण या एका वस्तूच्या बाबतीत मी सपशेल चुकले होते. ते आज लिहूनच टाकते.

2007 साली आम्ही दोघं युरोपच्या सहलीला गेलो. चाळीस मराठी माणसं, एक बस, आणि डब्यांतून चिवडा नि मेतकूट. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधलं तितिसे हे तळ्याकाठचं गाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तिथे दुकानात कुकू घड्याळ उघडून दाखवतात. आत दोन लाकडी शिट्ट्या आणि पेटीला असतो तसा एकेक इवलासा भाता. एक भाता वरचा सूर काढतो, दुसरा खालचा, की झालं "कुक-कू". बॅटरी नाही, किल्ली नाही. साखळीला पाइनच्या फळाच्या आकाराची लोखंडी वजनं टांगलेली. ती हळूहळू खाली येतात आणि घड्याळ चालतं. एका प्रकारात साखळी रोज ओढायची, दुसऱ्यात आठवड्यातून एकदा. (हा कुकू म्हणजे आपली कोकिळा नव्हे बरं का, आपल्या पावशाचा भाऊबंद.)

ह्यांना ते फार आवडलं. मी मात्र मास्तरीणबाई! "अहो, घड्याळ घ्यायचं तर स्वित्झर्लंडमध्ये. ज्या गावची वस्तू त्या गावात घ्यावी." हे काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी ल्युसर्नमध्ये आम्ही घड्याळ घेतलं. घरी येऊन उघडलं तर आत बॅटरी! वजनं नुसती शोभेची, कुकूचा आवाज ध्वनिमुद्रित, आणि अंधार झाला की पक्षी गप्प. दुकानदाराने फसवलं असं नाही म्हणणार, मीच विचारलं नव्हतं.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की हे घड्याळ मुळात ब्लॅक फॉरेस्टचंच. तिथे शेताचे तुकडे करत नसत. शेत एकाच मुलाकडे जाई, बाकीच्यांना दुसरा धंदा शोधावा लागे. हिवाळ्यात बर्फ पडलं की घरात बसून लाकडी चाकांची घड्याळं करायची, आणि पाठीवरच्या लाकडी घोडीला ती बांधून फेरीवाल्यांनी देशोदेशी विकायची. कुकू घड्याळ 1730 च्या दशकात शोनवाल्डच्या फ्रान्झ केटररने शोधलं असं सांगतात, पण इतिहासकार ते मानत नाहीत. आउग्सबुर्गच्या फिलिप हाइनहोफरने 1629 मध्येच अशा घड्याळाचं वर्णन लिहून ठेवलं आहे.

मला सगळ्यात गंमत वाटली ती त्याच्या घराच्या आकाराची. मला ते शेतकऱ्याचं जुनं घर वाटायचं. ते आहे रेल्वेच्या चौकीदाराचं घर! 1850 साली बाडेन राज्याने फुर्टवांगेनला घड्याळ-शाळा काढली. पहिले संचालक रोबेर्ट गेर्विग यांनी नव्या नक्षीसाठी स्पर्धा ठेवली. बाडेनच्या रेल्वेच्या इमारती बांधणारे वास्तुकार फ्रीड्रिश आयझेनलोर यांनी चौकीदाराच्या घराच्या दर्शनी भागावर तबकडी बसवली, भोवती वेलींची नक्षी काढली. कारागिरांनी तेच उचललं. म्हणजे आपण जी "पुरातन परंपरा" म्हणून घरी आणतो, ती आगगाडीच्या काळातली. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली 1853 मध्ये.

मग स्वित्झर्लंडचं नाव कुठून चिकटलं? स्विस मनगटी घड्याळांच्या कीर्तीमुळे घोटाळा झाला असावा. 'द थर्ड मॅन' (1949) या चित्रपटातल्या एका गाजलेल्या संवादातही ऑर्सन वेल्सने ही घड्याळं स्विसांच्याच नावावर घातली आहेत. म्हणजे चुकणारी मी एकटी नव्हे. असो.

2019 मध्ये हे गेले. त्यांचे कागद आवरताना एका डायरीत तितिसेच्या दुकानाचं माहितीपत्रक सापडलं, त्यात एका छोट्या घड्याळावर पेन्सिलची खूण. मागच्या पानावर ह्यांच्या अक्षरात युरोचे रुपये करून पाहिलेले. बारा वर्षांत एकदाही मला "बघ, मी म्हणत होतो" म्हणाले नाहीत.

नातवाला हे सगळं सांगितलं. भाची येत्या मे महिन्यात त्याच बाजूला निघाली आहे. तिला माहितीपत्रकाचा फोटो पाठवला आहे आणि बजावलंय, साखळीवालंच घे, पैसे मी देते. रोज साखळी ओढायचं काम नातवाने आत्ताच मागून घेतलंय.