चोळांच्या मुद्रेवरचा वाघ

२० ऑगस्ट १९९१. बेंगळुरूच्या दक्षिण टोकाला, तेव्हा शहराबाहेरच धरल्या जाणाऱ्या कोणनकुंटेमधल्या एका भाड्याच्या घराला कमांडोंचा वेढा पडला होता. ते आत शिरले तेव्हा सात प्रेते सापडली. त्यांत राजीव गांधींच्या हत्येचा बेत श्रीपेरुंबुदूरला तडीस नेणारा शिवरासन होता आणि त्याची साथीदार शुभाही. एलटीटीई या श्रीलंकेतल्या तमिळ सशस्त्र संघटनेचे लढवय्ये गळ्यात सायनाइडची कुपी बाळगत, तिचा उपयोग इथेही झाला होता. गळ्यात कुपी आणि झेंड्यावर वाघ, ही या संघटनेची ओळख. गंमत अशी की श्रीलंकेच्या रानात वाघ नाही, बिबट्या आहे. हा वाघ समुद्रापलीकडून आणलेला.

कुठून आणला हे संघटना अभिमानाने सांगे: चोळ या तमिळ राजघराण्याकडून. ते खोटे नव्हते. चोळांचे निशाण वाघ, पांड्यांचे मासे, चेरांचे धनुष्य, हे तमिळ मुलाला शाळेतच कळते. पण चोळांचा वाघ मुळात कसा दिसे हे पाहायचे तर त्यांच्या ताम्रपटांच्या कडीवरची मुद्रा पाहावी. त्यातला एक प्रचंड संच सध्या लायडेनच्या नावाने ओळखला जातो, कारण डच अमदानीत तो नेदरलँड्सला गेला. एकवीस पत्रे, वजन सुमारे तीस किलो, कडीला राजेंद्र चोळाची मुद्रा. मुद्रेवर वाघ आहे, पण शांत बसलेला. त्याच्या शेजारी मासे आणि धनुष्य, वर छत्र, बाजूला चवऱ्या.

आणि पत्र्यांवर लिहिले आहे काय? आणैमंगलम गावाचे उत्पन्न नागपट्टिणमच्या चूडामणी विहाराला लावून दिल्याचे. विहार बौद्ध. बांधणारा राजा श्रीविजयचा, म्हणजे आजच्या सुमात्रा-मलायाकडचा. दान राजेंद्राच्या वडिलांनी, राजराजाने दिले, ते कोरवून घेतले राजेंद्राने. याच राजराजाच्या सैन्याने ९९३च्या सुमारास उत्तर श्रीलंका घेतली, अनुराधपुराची वाताहत केली. आणि ज्या श्रीविजयच्या राजाचा विहार पोसला, त्याच श्रीविजयवर राजेंद्राने १०२५ मध्ये आरमार धाडले. मध्ययुगीन राजाला यात काही विसंगत वाटत नसे. आपल्याला वाटते, कारण आपल्याला तो एकाच बाजूचा हवा असतो.

पुढची कित्येक शतके हे सगळे दगडात आणि तांब्यात पडून राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिलालेख छापले जाऊ लागले, १९३०च्या दशकात नीलकंठ शास्त्रींचा चोळांवरचा ग्रंथ आला आणि १९५० पासून ‘कल्की’ साप्ताहिकात ‘पोन्नियिन सेल्वन’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागल्यावर राजराज घराघरांत पोचला. १९७३ मध्ये तो पडद्यावर आला, तोही शिवाजी गणेशन यांच्या रूपात. चोळांच्या सावलीत उभे राहण्याची हौस मराठ्यांनाही होतीच. बेंगळुरूहून गेलेल्या व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि त्यांच्या वंशजांपैकी सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला तो थेट राजराजाच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर.

राजराज असा घराघरांत पोचलेला असल्यामुळे १९७२ मध्ये जाफन्याच्या काही तरुणांनी ‘तमिळ न्यू टायगर्स’ काढली तेव्हा वाघ हाताशी तयार होता. १९७६ मध्ये तिचीच एलटीटीई झाली. वर्षभराने मदुराईचे चित्रकार नटराजन यांनी बोधचिन्ह रेखाटले: गोळ्यांचे कडे, तिरक्या दोन बंदुका, मधून झेपावणारे डरकाळी फोडते मुंडके. संघटनेचा प्रमुख प्रभाकरनने टोपणनाव घेतले करिकालन, तेही चोळ राजाचेच. मुद्रेवरून झेंड्यावर येताना वाघ उठला हे तर कुणालाही दिसते. मला महत्त्वाचे वाटते ते गळून पडलेले मासे आणि धनुष्य. पांड्य काय, चेर काय, तमिळ राजेच. चोळांची मुद्रा तमिळांनी तमिळांना नमवल्याची निशाणी होती. तेवढा भाग चित्रातून काढला, कृतीतून नाही: १९८६ मध्ये एलटीटीईने ‘टेलो’ या दुसऱ्या तमिळ सशस्त्र संघटनेचा प्रमुख श्री सबारत्नमसह शेकडो माणसे संपवली.

एकट्या चोळांवर भागत नव्हते. प्रभाकरन सुभाषबाबू आणि भगतसिंगांचे नाव घेई. सप्टेंबर १९८७ मध्ये एलटीटीईच्या तिलीपनने जाफन्यात नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरापाशी पाणीही वर्ज्य करून उपोषण केले आणि बाराव्या दिवशी प्राण सोडला. मागण्या भारत सरकारकडे होत्या, हत्यार गांधींचे. १९८९ पासून २७ नोव्हेंबर हा ‘मावीरर नाळ’, वीरांचा दिवस झाला. मग चोळ राजापासून कालपर्यंत शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलापर्यंत एकच रांग लागली आणि त्या रांगेत पुढची जागा रिकामी आहे हे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना निराळे सांगावे लागले नाही. जिथे लागले तिथे पळवूनही नेले. युनिसेफच्या नोंदीत अशी हजारो मुले आहेत.

अर्थात चित्र पाहून कुणी घर सोडत नाही. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जळाले, सुमारे ९७ हजार पुस्तकांसह. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल झाली आणि लहानशा टोळीकडे तरुणांची रीघ लागली. रागाला कारण सरकारने पुरवले, राजराजाने नाही. राजराजाने त्या रागाला हजार वर्षांचे वय दिले, म्हणजे तडजोडीची गोष्ट काढणारा आपोआप पूर्वजांचा द्रोही ठरला.

समोरची बाजूही जुनी दप्तरे काढून बसली होती. श्रीलंकेच्या लष्करात चोळांना १०७० मध्ये हाकलणाऱ्या विजयबाहू या सिंहली राजाच्या नावाची पलटण आहे, आणि एळ्ळालन या तमिळ राजाला मारणाऱ्या दुट्टगामुणीच्या नावाची ‘गेमुणु वॉच’ही. एलटीटीईने २२ ऑक्टोबर २००७ रोजी अनुराधपुरच्या हवाई तळावर एकवीस आत्मघातकी ‘काळे वाघ’ पाठवले, त्या मोहिमेला नाव दिले ‘एळ्ळालन’. दुट्टगामुणी आणि एळ्ळालन या दोघांच्या कथेचा मूळ आधार एकच, ‘महावंस’ हा पाली ग्रंथ. त्यात पुढे असेही आहे की दुट्टगामुणीने मेलेल्या एळ्ळालनचे स्मारक उभारले, त्याची पूजा लावून दिली, आणि तिथून जाताना लंकेचे राजे वाद्ये बंद ठेवत. एवढा मजकूर वाघांच्या भित्तिपत्रकांनाही नको होता आणि पलटणींच्या मानचिन्हांनाही.