गोळीसाचा

शिसे वितळवून बंदुकीची गोळी ओतण्याचे हातसाधन. अमेरिकेत जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेटिकटमध्ये सुरू केलेल्या आयडियल कंपनीचे साचे विशेष गाजले. १९२५ मध्ये ही कंपनी लायमन या कंपनीने विकत घेतली.

दोन मुठी, त्यांच्या टोकांना पोकळी कोरलेले लोखंडी ठोकळे आणि वर छिद्राची सरकती पट्टी, एवढीच रचना. शिसे ३२७.५° से. ला वितळते, कठीणपणासाठी त्यात कथील व अँटिमनी मिसळतात. साचा थंड असला तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर पृष्ठभाग पांढुरका, निस्तेज होतो. म्हणून पहिल्या गोळ्या पुन्हा भांड्यातच टाकतात. शिशाचा रस थिजला की पट्टी ठोकून फिरवली जाते आणि तोंडावरचे जादा शिसे कापले जाते.

खरी कसोटी मापाची. साचा झिजला किंवा मिश्रण बदलले की व्यास बदलतो. त्यामुळे गोळी पोलादी छिद्रातून दाबून काढतात व तिच्या खाचांत मेण-चरबी भरतात. छिद्रातून दाबल्याने गोळी फक्त बारीक होते. म्हणून ती मुळात नळीच्या मापापेक्षा किंचित जाड ओतली गेली पाहिजे.

शिशाची धूळ विषारी असते; रसात पाण्याचा थेंब पडल्यास तो स्फोटासारखा उसळतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे.