टर्बोच्या आधी गेज

सूरजागडच्या चढावर चुलतभावाची जुनी महिंद्रा जीप दम टाकते. म्हणाला, "दादा, टर्बो बसवू ना!" म्हटलं, थांब, आधी कॉम्प्रेशन बघू.

या इंजिनाची कुंडली भारी आहे हां. 1979 मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी 4.90 चा परवाना घेतला. 4 सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर, म्हणून 4.90. त्याच वर्षी प्यूजोने याच घराण्यातल्या 2304 सीसी इंजिनाला टर्बो लावून 604 कार बाजारात आणली. म्हणजे टर्बो या खानदानाला परका नाही. पण तिकडे इंजिन कोरं होतं, आपलं कित्येक पावसाळे खाल्लेलं.

गेजवर आकडे आले: 28, 27, 19, 19 किलो. शेजारशेजारचे दोन पडलेले. चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघितलं (डिझेलला जास्त ओतू नका, आकडा खोटा येतो). रिंगा झिजल्या असत्या तर आकडा चढला असता. हलला नाही. म्हणजे संशय हेड गॅस्केटवर. दोन्ही सिलिंडर एकमेकांत हवा सोडतायत. त्यात टर्बोने आणखी हवा कोंबली तर गॅस्केट उडणारच. एकट्या मोठ्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक मी आधी बघतो, तो यासाठी.

भाऊ रुसलाय. हेड उतरवलंय आणि टर्बोचे पैसे सध्या गॅस्केटला गेलेत.