माँट्रियलचा अर्धवट उन्हाळा

११ ऑगस्ट १९९४च्या रात्री मेजर लीग बेसबॉलमध्ये सर्वांत पुढे असलेला संघ अमेरिकेतला नव्हताच. कॅनडातल्या, फ्रेंच बोलणाऱ्या माँट्रियलचा ‘एक्सपोज’ ७४ सामने जिंकून आणि फक्त ४० हरून अव्वल होता. दुसऱ्या दिवशी खेळाडूंचा संप सुरू झाला आणि मोसम तिथेच थांबला.

भांडण कशावरून होतं, तर मालकांना संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा हवी होती. आयपीएलच्या लिलावात सगळ्यांची थैली सारखी असते. बेसबॉलमध्ये तसं नव्हतं, आजही नाही. माँट्रियल काही खेडं नव्हे, पण न्यूयॉर्कच्या यांकीजना स्थानिक टीव्हीकडून मिळायचा तसला पैसा तिथे नव्हता. शिवाय तिकिटं विकायची कॅनेडियन डॉलरमध्ये आणि पगार द्यायचे अमेरिकन डॉलरमध्ये! मर्यादा नसेल तर असे संघ तगणार नाहीत, असं मालक सांगत. खेळाडूंच्या मते हा पगार दाबायचा बहाणा होता. कोण बरोबर ते सोडा. छोट्या संघांच्या नावानं चाललेल्या भांडणात बुडाला तो एका छोट्या संघाचाच सोन्यासारखा मोसम. १४ सप्टेंबरला वर्ल्ड सिरीज रद्द झाली, १९०४नंतर पहिल्यांदाच.

पुढच्या वर्षी बघू, असं चाहत्यांनी म्हणायचं, तर संघच उरला नाही. २ एप्रिल १९९५ला संप मिटला आणि आठवडाभरात, खर्च वाचवायला, जॉन वेटलँड यांकीजना, केन हिल सेंट लुईसला आणि मार्किस ग्रिसम अटलांटाला देऊन टाकले. लॅरी वॉकर तर कॅनडाचाच पोरगा. तो कोलोराडोला गेला. अटलांटा म्हणजे संपाआधी माँट्रियलच्या सहा सामने मागे असलेला संघ. त्याच ऑक्टोबरात अटलांटानं वर्ल्ड सिरीज जिंकली आणि शेवटचा झेल घेतला ग्रिसमनं. पुढच्या वर्षी यांकीज जिंकले, मालिकावीर वेटलँड. १९९७मध्ये पेड्रो मार्टिनेझला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला आणि काही दिवसांतच त्याची रवानगी बोस्टनला झाली.

इतकं झाल्यावर स्टेडियम ओस पडलं, तर ‘माँट्रियलला बेसबॉलची आवडच नाही’ असं ऐकवलं गेलं. हे मला फार लबाडीचं वाटतं. २००२मध्ये तर हा संघ उरलेल्या २९ संघांच्या मालकांनी मिळून विकत घेतला, म्हणजे प्रतिस्पर्धीच धनी! २००३च्या ऑगस्टअखेर हाच संघ प्लेऑफच्या शर्यतीत होता. सप्टेंबरमध्ये सगळे संघ जादा खेळाडू बोलावतात. एक्सपोजना मात्र त्यासाठी पैसे मिळाले नाहीत.

२९ सप्टेंबर २००४ला माँट्रियलमधला शेवटचा सामना झाला. त्याआधी मैदानात १९९४च्या संघाच्या सन्मानाचा फलक उलगडला गेला. त्या दिवशी ३१ हजारांवर लोक आले होते. फ्लोरिडानं ९-१ असं हरवलं, आणि पुढच्या मोसमात संघ वॉशिंग्टनला गेला, नवं नाव घेऊन.