सक्तीच्या लवादाचा उगम

जुन्या निवाडपत्रांच्या अभ्यासकांस राजीनाम्याचें महत्त्व सांगावयास नको. पंचांचा निर्णय मान्य करूं, असें वादी-प्रतिवादींनीं आधीं लिहून द्यावें व मग पंचायतीनें वाद चालवावा, ही आपल्याकडील जुनी रीत. मालक व मजूर यांच्या तंट्यांत सरकारनें सक्तीनें लवाद करावा, ही कल्पना याच्या अगदीं उलट भासते. आणि ती संप मोडण्यासाठींच निघाली, असा पुष्कळांचा समज आहे. मूळ कायदा पाहतां हा समज टिकत नाहीं.

१८९० सालीं ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील बंदरांवर मोठा संप होऊन त्यांत मजूर हरले. त्याच वर्षीं दक्षिण ऑस्ट्रेलियांत चार्ल्स किंग्स्टन यांनीं सक्तीच्या लवादाचा मसुदा मांडला. त्याचा आधार घेऊन न्यूझीलंडचे मजूरमंत्री विल्यम पेंबर रीव्ह्ज यांनीं आपला कायदा रचिला व तो १८९४ सालीं मंजूर झाला.

या कायद्याचें पूर्ण नांवच बोलकें आहे. औद्योगिक संघांच्या स्थापनेस उत्तेजन देणें हा हेतु त्यांत प्रथम येतो. तंटे मिटविण्याचा हेतु त्यामागून. सात मजूर मिळाले तरी संघ नोंदवितां येई. तंटा प्रथम समेट-मंडळापुढें जाई; तेथें न मिटल्यास लवाद-न्यायालयापुढें. त्यांत एक न्यायाधीश, एक मालकांच्या व एक मजुरांच्या बाजूचा, असे तिघे बसत. नोंदणी करणें न करणें मजुरांच्या खुषीवर होतें. ती केली कीं निवाडा बंधनकारक. म्हणजे नोंदणी हाच त्यांचा राजीनामा होय. मालकास मात्र ही मोकळीक नव्हती. नोंदलेल्या संघानें तंटा पुढें नेला कीं त्यास उत्तर देणें भागच पडे. सक्ती प्रथमतः होती ती मालकावर.

मुंबई इलाख्यांत चित्र पालटलें. १९३८ च्या कायद्यानें समेटाची रीत पुरी होण्यापूर्वीं केलेला संप बेकायदा ठरविला. डॉ. आंबेडकर यांनीं कायदेमंडळांत त्यास कडाडून विरोध केला व ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं मजुरांनीं एक दिवसाचा निषेध-संप पाळला. पुढें १९४७ च्या हिंदुस्थानव्यापी कायद्यानें तंटा न्यायाधिकरणाकडे धाडण्याचा अधिकार सरकारच्या हातीं दिला.

नांव एकच, परंतु न्यूझीलंडांत दार ठोठावणारा मजूर होता, येथें दार उघडणारें सरकार. म्हणून सक्तीचा इतिहास लिहितांना राजीनामा कोणीं दिला व कोणाकडून घेतला, हें आधीं तपासावें, एवढेंच सुचवितों.