ताडोबाची उसनी भांडी

दिवाळीची सुटी लागली की आमच्या झाडीपट्टीत दोन गोष्टींचे वेध लागतात. भाऊबीज आटोपली म्हणजे गावोगाव मंडई भरते आणि रात्ररात्र नाटके रंगतात, ही जुनी मौज. दुसरी मौज अलीकडची. पावसाळ्यात मिटलेली ताडोबाची दारे ऑक्टोबरात उघडतात, आणि नागपूर-पुण्या-मुंबईकडची कुटुंबेच्या कुटुंबे मफलर-शालीत गुरफटून पहाटेच्या काळोखात मोहर्लीच्या दारावर येऊन उभी राहतात. गेल्या साली आम्हीही त्या रांगेत उभे राहिलो: मी, माझे कुटुंब, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेली आमची आई.

जन्म सगळा या जंगलाच्या काठावर गेला, पण तिकीट काढून जंगलात जाण्याची आमची ही पहिलीच वेळ. आईला तर ते मुळीच पटत नव्हते. "वाघ पाहायला पैसे द्यायचे? आमच्या वेळी वाघ दिसू नये म्हणून नारळ फोडीत होते," असे ती वाटेत दोनदा म्हणाली.

उघडी जिप्सी आत शिरली. थोडे पुढे जाताच रस्त्याच्या कडेला उभे दगडी खांब दिसू लागले. हे मैलाचे दगड का, म्हणून धाकट्याने विचारले. बरोबरच्या गाईडने सांगितले की हे गोंड राजांच्या काळचे खांब. चांद्याहून राजाची स्वारी निघाली की खांबाखांबांतून ओवलेल्या दोराला हिसका बसायचा, घंटा वाजायच्या, आणि पुढच्या माणसांना वर्दी पोचायची, असे लोक सांगतात. दोर गेले, घंटा गेल्या, खांब राहिले. इतिहासाचे बहुधा असेच होते.

तो इतिहास थोडक्यात असा आहे. चांद्याचे गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि पुढे शंभर वर्षांनी भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. राज्ये बदलली, पण जंगलाकडे शिकारीचे रान म्हणून पाहण्याची दृष्टी बदलली नाही. इंग्रजी अमलात रानांचे विभाग पाडून साहेबलोकांना शिकारीचे परवाने मिळू लागले. मचाण बांधणारे आणि हाका करणारे हात मात्र इथल्याच गोंड-माना माणसांचे. वाघाचे कातडे साहेबाच्या बंगल्यात जाई आणि हाकाऱ्याच्या पदरात दिवसाची मजुरी पडे. अखेर 1935 मध्ये ताडोबाच्या परिसरात शिकारीला बंदी झाली. त्यानंतर वीस वर्षांनी, 1955 मध्ये, सुमारे 116 चौरस किलोमीटरचे हे रान राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले.

यातली एक गंमत शाळेतल्या मुलांना मी नेहमी सांगतो. ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, असे पुस्तकात असते, आणि ते खरेही आहे. परंतु ते जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हते! चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. पुढच्या वर्षी, 1956 च्या नोव्हेंबरात, तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि 1960 च्या महाराष्ट्रदिनी आपण सारे महाराष्ट्रात आलो. आज परक्या प्रांतातले वाटणारे कान्हा हे ताडोबाचे एका वर्षाचे भावंड. तेही 1955 चेच. सरहद्दी माणसांनी आखल्या, वाघाला त्यांचा पत्ता नाही.

पुढे 1972 मध्ये वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा आला, 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि 1986 मध्ये शेजारचे सुमारे 509 चौरस किलोमीटरचे अंधारी अभयारण्य झाले. ताडोबा आणि अंधारी मिळून आजच्या व्याघ्र प्रकल्पाचा गाभा बनला. अंधारी हे तिथल्या नदीचे नाव. दाट बांबूतून वाहणारी ती नदी पाहिली म्हणजे नाव कोणी ठेवले असेल त्याला दाद द्यावीशी वाटते.

आमची गाडी तळ्यापाशी आली तेव्हा ऊन चांगले वर आले होते. पाण्यावर धुके, काठाच्या चिखलात लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली मगर, पलीकडे सांबरांचा कळप. झाडीआड ताडोबाचे ठाणे आहे. आईने गाडीतूनच त्या दिशेला हात जोडले. तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला, तोच हा ताडोबा, असे आदिवासी मानतात. पौषात त्याची यात्रा भरते. ज्याला वाघाने मारले तोच वाघाच्या रानाचा देव, ही कल्पना मला फार थोर वाटते. तिच्यात वाघाचा सूड नाही, आणि वाघापुढे शरणागतीही नाही.

याच तळ्याची आणखी एक कथा 1870 साली छापलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरात आहे. गवळ्यांचे एक वऱ्हाड या डोंगरातून चालले होते. उन्हाने सारे तहानले. एक म्हातारा भेटला, म्हणाला, नवरानवरीने इथे खणावे. दोघांनी हसत हसत चार फावडी माती उपसली तोच झरा उसळला. मंडळी पाणी पीत आहेत तोवर पाणी वाढत गेले, तळे झाले आणि सारे वऱ्हाड बुडाले. तेव्हापासून तळे यात्रेकरूंवर माया करू लागले. हाक मारली की लागतील ती भांडी पाण्यातून वर यायची, स्वयंपाक करावा, जेवावे, भांडी घासून पुन्हा पाण्यात सोडावी. पुढे कोणा लोभी माणसाने भांडी घरी नेली. ती घरातून नाहीशी झाली, आणि त्या दिवसापासून तळ्याने भांडी देणे कायमचे बंद केले.

ही गोष्ट मी मुलांना सांगत होतो आणि गाईड मान डोलावीत होता. तिशीचा, सावळा, मोजके बोलणारा पोरगा. आईने त्याला विचारले, "कोणत्या गावचा गा तू, बाबू?"

"गाव इथंच होतं, आजी," तो म्हणाला, आणि पुढे एका मोकळ्या कुरणाकडे त्याने बोट दाखवले. चितळे चरत होती. नीट पाहिल्यावर कडेची काही झाडे रानातली नव्हेत, परसातली आहेत, हे ध्यानात आले. चिंच होती, आंबा होता. आईने त्याच्या गावाचे नाव विचारले, त्याने सांगितले, आणि दोघेही गप्प झाली.

गेल्या काही वर्षांत गाभ्यातली बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे बाहेर नेऊन वसवली गेली. यात सगळा अन्यायच आहे असे मी म्हणणार नाही. रानात रस्ता नाही, दवाखाना नाही, पीक हाती येईल तर रानडुकरांच्या कृपेने. कित्येकांना बाहेर यायचेच होते. शिवाय गावे हलली तिथे गवत वाढले, हरणे वाढली, आणि त्यांच्यामागे वाघ आले. आपण शहरातून येतो आणि ज्या कुरणावर वाघ पाहून धन्य होतो, ते कोणाचे तरी गावठाण होते, एवढे मात्र विसरू नये. अमेरिकेत 1872 मध्ये यलोस्टोनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हाही तिथल्या मूळ रहिवाशांना असेच बाजूला सरावे लागले होते.

आणि वाघ कुरणात थांबत नाही. आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई चैत्रात मोहफुले वेचायला गेली, ती परत आली नाही. मुलगी आठवड्याने शाळेत आली. त्या दिवशी पाठ्यपुस्तकात वन्यजीवांवरचा धडा होता. मी तो शिकवला नाही. पान उलटून पुढचा घेतला. शिक्षक म्हणून आजही मला त्याचे उत्तर सापडलेले नाही. वाघ वाचला पाहिजे हे मला ठाऊक आहे, पण ते त्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगू?

वाघ वाढले म्हणून आता ते दुसऱ्यांना देण्याची पाळी आली आहे. 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या रानातल्या वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात नेऊन सोडल्या. 2024 मध्ये ताडोबाच्या दोन वाघिणी ओडिशातल्या सिमिलीपालला गेल्या. तिकडून 2021 मध्ये रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे आपल्या पायांनी गडचिरोलीत आला. देणेघेणे चालू आहे. तळ्याच्या भांड्यांसारखेच ते. पण भांडी परत करायची कोणी, आणि कोणाला?

याचे एक उत्तर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने दिले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2009 मध्ये या गावाला भोवतालच्या सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 पासून गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागले. गाव एकत्र बसून ठरवते, काय तोडायचे आणि काय राखायचे. तेथे राखणारा आणि वापरणारा एकच असल्यामुळे भांडी घरी नेण्याचा मोह कमी होत असावा. ताडोबाच्या गाभ्यात असे होणे कठीण, हे मी जाणतो. तरी दारावरचे गाईड, गाडीवाले, खानावळी चालवणाऱ्या बाया आसपासच्या गावांतल्या आहेत, त्यांच्या घरी वाघाच्या नावाने चूल पेटते, हेही काही थोडे नाही.

आम्हाला वाघ दिसला नाही. ओल्या धुळीत ताजे पाऊल दिसले, चितळाची साद ऐकू आली, वानर झाडावरून खेकसले, आणि सारे शांत झाले. धाकटा रडवेला झाला. घरी येऊन त्याने वहीत दिवसभराची यादी केली: मगर 1, अस्वल 1, मोर 4, सांबरे पुष्कळ, वाघ नाही.

आजीने चष्मा लावून यादी वाचली आणि म्हणाली, "बाबू, त्या पोराच्या गावाचं नाव राहिलं. तेही लिही."

त्याने ते लिहिले.